नवे गाव, नवा विहार: नामकरणापासून पुण्यानुमोदनापर्यंत

बदली होऊन विदर्भातील खेड्यात आलेले शिक्षक वा आरोग्यसेविका, लग्न होऊन आलेली सून, पुण्या-मुंबईची नोकरी संपवून वडिलांच्या घरी परतलेले कुटुंब, अशा सर्वांसाठी हा लेख आहे. गावात भाड्याचे घर मिळते, मुलांचे नाव शाळेत दाखल होते, दूधवाला ठरतो. परंतु घरात बाळ जन्मले, मुलीचे लग्न निघाले किंवा मध्यरात्री कोणी दगावले, तर कोणाचे दार वाजवायचे हे कोणत्याही कार्यालयात सांगितले जात नाही. बौद्ध वस्तीत त्याचे उत्तर विहारात मिळते. विहाराला सभासदत्वाचा अर्ज नसतो आणि प्रवेश शुल्कही नसते. दुसऱ्याच्या घरच्या प्रसंगाला आपण उभे राहिलो की नाही, एवढ्यावरच तेथील नाते ठरते. म्हणून स्वतःच्या घरचे कार्य निघेपर्यंत थांबू नये, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

थोडी पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशिनाराचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण (बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाणे) व पंचशील (सदाचाराचे पाच नियम) घेतले, त्यानंतर जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या, आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे पुन्हा दीक्षासमारंभ झाला. त्यानंतर दोन महिने पुरे होण्याच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. खेड्यांतील माणसे दीक्षा घेऊन घरी परतली तेव्हा जुने विधी सुटलेले होते, श्राद्ध व पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा झालेली होती, आणि नवे विधी शिकवायला गावोगावी भिक्खू उपलब्ध नव्हते. बाळाचे नाव कसे ठेवायचे, लग्न कोणी लावायचे, तिरडी उचलताना काय म्हणायचे, हे सारे वस्तीने स्वतःच्या हाती घेतले. विहाराचे लोक एकमेकांच्या घरच्या कार्यात इतक्या हक्काने का शिरतात, हे या इतिहासावरून कळते. बाहेरचा पुरोहित नव्हता, तेव्हा शेजारीच पुरोहित, आचारी आणि खांदेकरी झाला.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत, म्हणजे देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक. त्यामुळे विदर्भात बदली कोठेही झाली, तरी चालत किंवा सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर विहार सापडण्याची शक्यता मोठी असते.

पहिली भेट

पहिल्यांदा जाण्यासाठी रविवारची किंवा पौर्णिमेची सायंकाळ निवडावी, कारण रोजच्या वंदनेला काही ठिकाणी दोन-चारच माणसे असतात. सोबत मेणबत्त्यांचा एक पुडा, अगरबत्ती आणि मिळतील ती फुले न्यावीत. हार आणण्याची गरज नाही. चपला बाहेर काढाव्यात, बसलेल्या सर्वांना ‘जय भीम’ म्हणावे आणि सतरंजीवर मागच्या बाजूस बसावे. बुद्धमूर्ती व बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती, अगरबत्ती लागली की त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा व त्रिरत्न वंदना होते. शहरात वाढलेल्या अनेकांना पंचशीलापुढच्या गाथा पाठ नसतात. त्याचा संकोच करू नये. समोरच्या रांगेत बसलेली तिसरी-चौथीतील मुले खड्या आवाजात म्हणत असतात, त्यांच्या मागोमाग म्हणावे. वंदनेची छोटी पुस्तिका विहारात असतेच. आपण बौद्ध नसाल तरी बसण्यास कोणी हरकत घेत नाही, शांत बसून ऐकले तरी पुरते.

वंदना संपल्यावर खरी ओळख होते. आडनाव कोणते, मूळ गाव कोणते, मामाकूळ कोठले, बायकोचे माहेर कोणत्या तालुक्यात, असे प्रश्न एकापाठोपाठ येतील. शहरातून आलेल्यांना यात चौकशीचा वास येतो, पण हेतू वेगळा असतो. विचारणारी आजी आपल्या डोक्यातल्या सोयरिकींच्या जाळ्यात तुम्हाला कोठे बसवता येईल ते पाहत असते, आणि वणी किंवा दर्यापूरकडची एखादी आतेबहीण सापडली की त्याच क्षणी तुमचे नाते ठरते. नाते सापडले नाही, तरी वयाने मोठ्यांना मोठेबाबा, मोठी आई, काकाजी, मावशी असेच म्हणावे. ‘सर’ आणि ‘मॅडम’ शाळेपुरते ठेवावे. गावकरी ते तोंडावर चालवून घेतील, पण त्यामुळे अंतर राहते.

निघण्यापूर्वी विहार समितीचे अध्यक्ष, सचिव, महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि जवळचे बौद्धाचार्य, म्हणजे धम्माचे विधी लावणारे गृहस्थ, यांचे मोबाइल नंबर घ्यावेत. पाचवा नंबर विहाराची किल्ली ज्या घरी असते त्या घराचा, आणि अडीअडचणीला तोच बहुतेक वेळा आधी लागतो.

वर्गणी आणि हातभार

१४ एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमेचे खीरदान, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला जाणारी गाडी, विहाराची रंगरंगोटी, अशा निमित्ताने वर्षातून काही वेळा वर्गणी निघते. गावातील सर्वसाधारण घर जेवढी देते तेवढी द्यावी आणि पावती घ्यावी. नोकरदार माणसाने पहिल्याच वर्षी पाचपट रक्कम देऊन फलकावर नाव झळकवणे मला बरे वाटत नाही, कारण रोजमजुरीवर जगणाऱ्या घराची पन्नास रुपयांची पावती त्यामुळे उगाच लहान दिसते. जास्त देण्याची इच्छा असेल तर अभ्यासिकेसाठी पुस्तके द्यावीत, किंवा सोयाबीन निघण्यापूर्वीच्या ओढगस्तीच्या महिन्यांत एखाद्या मुलीची परीक्षा फी गाजावाजा न करता भरावी.

हातभार मात्र पैशापेक्षा लवकर ओळखला जातो. बहुतेक विहारांच्या मागे एक खोली असते आणि तीत वस्तीची सामाईक भांडी असतात: मोठे गंज, पातेली, झारे, वाढायच्या बादल्या, स्टीलची ताटे, गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि प्रत्येक भांड्यावर ऑइलपेंटने किंवा मशीनने घातलेले विहाराचे नाव. कोणाच्याही घरी कार्य असले की ही भांडी वहीत नोंद करून जातात आणि घासून, मोजून परत येतात. ही मोजणी सुरू असताना तेथे असावे. ताटे दहा-दहाच्या थप्पीत लावणे, हरवलेला झारा कोणाच्या अंगणात राहिला याचा तपास करणे, या किरकोळ कामांत वस्तीतील प्रत्येक घराची माहिती आपोआप होते. महिलांसाठी तांदूळ निवडणे, सांबार (कोथिंबीर)-मिरची चिरणे आणि पोळ्या लाटणे ही कामे ओळखीची असतात. पुरुषांनीही पाणी भरणे व वाढणे यापुरते थांबू नये, पोळपाट-लाटणे घेऊन बसायला बंदी नाही.

वर्षावास: नाते पिकण्याचे तीन महिने

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे या प्राचीन नियमातून तो आला, परंतु आमच्याकडील खेड्यांत त्याचा मुख्य भाग म्हणजे विहारातील ग्रंथवाचन होय. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ, जो मूळ इंग्रजीत त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, रोज थोडा थोडा वाचला जातो. याच दिवसांत कपाशीची डवरणी आणि निंदण सुरू असते, बाया सकाळपासून दुसऱ्याच्या वावरात वाकलेल्या असतात, म्हणून वाचन रात्री जेवणे झाल्यावर सुरू होते आणि तासाभरात संपते. नवीन आलेल्या सुशिक्षित माणसाला वाचनाचा आग्रह हमखास होतो. तो स्वीकारावा, पण सगळे वाचन आपल्याकडे ओढून घेऊ नये. अडखळत वाचणाऱ्या मुलाची पाळी हिरावून त्याऐवजी सराईत आवाज ऐकवणे हा वर्षावासाचा उद्देश नाही.

वाचनानंतर चहा होतो, आणि कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची मुलगी पाहण्यास पाहुणे येणार, कोणाचे पीक विम्याचे पैसे अडले, हे त्या चहावर बोलले जाते. ज्याने हे तीन महिने नियमाने हजेरी लावली, त्याला पुढे कोणत्याही प्रसंगी वेगळे निमंत्रण लागत नाही. सांगता भोजनदानाने होते.

बाळाचे नामकरण

सरकारी काम आधी करून घ्यावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती तेथूनच होते, घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीत करावी लागते. नाव ठरले नसेल तर ते नोंदीत १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. पुढे शाळेत नावातील एका अक्षरासाठी तालुक्याला खेपा घालणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून आई-वडिलांच्या आधारकार्डाशी शुद्धलेखन ताडूनच नोंद करावी.

विधी साधा आहे. मुहूर्त पाहायचा नाही, सोयीचा रविवार किंवा पौर्णिमा घ्यावी. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, मंगलगाथा होतात, आत्या बाळाचे नाव सांगते आणि सर्वजण ‘साधु, साधु, साधु’ म्हणतात. राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, महेंद्र ही नावे अजूनही ठेवली जातात. वस्तीतील प्रत्येक घराला तोंडी सांगावे. व्हॉट्सअॅपच्या संदेशावर वयस्कर माणसे येत नाहीत आणि त्यांनी यावे, अशी अपेक्षाही करू नये.

मंगल परिणय

लग्न ठरताच पत्रिका छापण्याआधी विहारात सांगावे, ही रीत अनेकांच्या ध्यानात राहत नाही. त्याचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे: त्याच दिवशी वस्तीत दुसरे लग्न असेल तर भांडी, सतरंज्या, बौद्धाचार्य आणि वाढणारी मुले दोन्हीकडे पुरत नाहीत. तारीख रविवारची किंवा शाळेच्या सुटीतील निघते, म्हणजे प्रत्यक्षात मे महिन्याच्या उन्हात. मंडपात पाण्याचे दोन मोठे ड्रम आणि ताकाची सोय करणे हे सजावटीच्या खर्चाआधी ठरवावे.

विधीत वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर बसतात. त्रिशरण-पंचशीलानंतर दोघांकडून प्रतिज्ञा घेतल्या जातात, ज्यांचा आधार सिगालोवाद सुत्त, म्हणजे बुद्धांनी गृहस्थाला केलेला उपदेश, आहे: वराने पत्नीचा सन्मान करणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपवणे, तिला वस्त्रालंकार देणे, वधूने घराची नीट व्यवस्था ठेवणे, दोन्हीकडच्या आप्तांचे आदरातिथ्य करणे, एकनिष्ठ राहणे, मिळवलेले जपणे आणि कामात दक्ष असणे. नंतर पुष्पहार घातले जातात, महामंगल सुत्त आणि जयमंगल अष्टगाथा म्हटल्या जातात, आणि उपस्थित लोक फुलांचा वर्षाव करतात. महामंगल सुत्तात ३८ मंगले सांगितली आहेत. मातापित्यांची सेवा व पत्नी-मुलांचा सांभाळ यांच्यालगतच त्यात नातलगांचा सांभाळ येतो. प्रत्यक्ष विधीला अर्धा-पाऊण तास पुरतो. बौद्धाचार्यांनी या प्रतिज्ञा मराठीतून, सावकाश आणि माइक नीट लावून सांगाव्यात, यासाठी यजमानांनी आग्रह धरला पाहिजे, कारण वरात रखडल्यामुळे विधी घाईत उरकला जातो आणि लोक जेवणाच्या रांगेत गेलेले असतात. दोन तास डीजेसमोर नाचणाऱ्या मित्रमंडळींना वेळेवर मंडपात आणण्याची जबाबदारी वराच्या मामांवर आधीच सोपवावी. मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा त्या २२ प्रतिज्ञांमध्ये आहे आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर शासनाची दारूबंदीही आहे. तरी वरातीत बाटली शिरते, हे सर्वांना ठाऊक असते. वस्तीतील ज्येष्ठांनी वराच्या वडिलांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलेले असेल, तर पुष्कळ फरक पडतो.

वधू वस्तीतील असेल तर जेवणाची जबाबदारी वस्ती घेते. वरण, भात, आलू-वांग्याची रस्सा भाजी, पुरी आणि बुंदी हा बेत ठरलेला असतो. पहाटे चारला चूल पेटते. नव्या कुटुंबाने अहेराच्या पाकिटावर भागवू नये, त्या पहाटे भाजी चिरायला जावे. आपल्या घरच्या लग्नात कोण किती वाजता येईल, याचा अंदाज तेथेच येतो.

लग्नाची कायदेशीर नोंद ९० दिवसांच्या आत करावी. खेड्यात ती ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे होते; तीन साक्षीदार, दोघांच्या वयाचे पुरावे आणि लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही लागते. बौद्धाचार्य दुसऱ्या तालुक्यातून आले असतील तर अर्ज आधीच भरून ठेवून त्यांची सही मंडपातच घ्यावी.

मयत आणि त्यानंतरचे दिवस

येथे बोलावणे नसते. विहाराच्या भोंग्यावरून किंवा मोटारसायकलवरून फिरणाऱ्या मुलाकडून बातमी कळली की निघावे. ओळख नसली तरी जावे, आणि आपण नेमके काय करावे असा प्रश्न पडला तर पुढील कामांपैकी एखादे उचलावे: बाहेरगावच्या लेकी-बहिणींना फोन करणे, बसथांब्यावरून त्यांना आणणे, लाकडांची व्यवस्था, दुकानातून पांढरे कापड व मेणबत्त्या, शेजारी लहान मुलांना जेवू घालणे. शोक करणाऱ्या घरात चूल पेटत नाही. पहिले जेवण शेजारचे घर देते, आणि कोणत्या घराने कधी द्यायचे हे महिला मंडळ आपसांत ठरवते.

मृत्यू सर्पदंशाने, वीज पडून, विजेच्या धक्क्याने किंवा अपघाताने झाला असेल, तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नये. दुःखात असलेले नातेवाईक ‘आता चिरफाड कशाला’ म्हणतात, आणि त्या क्षणी समजावून सांगणारा माणूस घरातला असून चालत नाही, तो विहारातला असावा लागतो. शेतकरी कुटुंबासाठी शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपयांची मदत आहे, आणि हे कागद नसतील तर ती मिळत नाही. शाळामास्तर, आरोग्यसेविका किंवा बँकेत काम करणारा माणूस वस्तीला सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो येथे.

पार्थिवाला स्नान घालून पांढरे वस्त्र पांघरले जाते, घरी वंदना होते आणि ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणत अंत्ययात्रा निघते. खांदा देणारे सतत बदलत राहतात. नवीन माणसाने न विचारता पुढे होऊन खांदा द्यावा. दहन किंवा दफन यांपैकी काय करायचे हे कुटुंब ठरवते. स्मशानभूमीत ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा म्हटली जाते आणि मग शोकसभा होते, जी विदर्भाबाहेरून आलेल्यांना नवी वाटते. चिता पेटलेली असताना लोक थोड्या अंतरावर बसतात आणि गावातील तीन-चार जण मृत व्यक्तीविषयी बोलतात. आपल्याला बोलण्यास सांगितले तर दोन मिनिटांत, प्रत्यक्ष माहीत असलेली एखादी गोष्ट सांगावी. याच ठिकाणी राजकीय भाषण करणारे कार्यकर्ते भेटतात. त्यांचे अनुकरण करू नये.

पुढे काही दिवसांनी, कुटुंबाच्या सोयीने, पुण्यानुमोदन (मृताच्या नावे पुण्य अर्पण करणे) व जलदान विधी होतो. भांड्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतत ‘इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो’ ही गाथा म्हटली जाते. मुंडण नाही, पिंड नाही. जेवण असते, आणि खर्चावरून मतभेद होतात ते येथेच: कर्ज काढून गावजेवण घालण्याची सक्ती धम्मात नाही, हे विहार समितीने उघडपणे सांगितले तर गरीब घराची सुटका होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी, दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्याव्यात, आणि सातबारावरील वारस नोंदीसाठी तलाठ्यांकडे अर्ज द्यावा. विधवा बाईसोबत तहसीलला जाण्यास वस्तीतून कोणीतरी लागतो. त्यासाठी रजेचा एक दिवस काढणारा नोकरदार, तो कोठून आला होता हे न विचारता, गावात आपला धरला जातो.

दोन गट असतील तर

मोठ्या वस्तीत दोन विहार, दोन समित्या आणि जयंतीच्या दोन मिरवणुका असू शकतात. कारणे जुनी असतात: निवडणूक, जमिनीचा तुकडा, हिशोब. नवीन माणसाने पहिली दोन वर्षे दोन्हीकडे वंदनेला जावे, दोन्हीकडे सारखीच वर्गणी द्यावी आणि कोणत्याही समितीत पद घेऊ नये. मयतीला मात्र बहुधा दोन्ही गट येतात, आणि तेव्हा जुने भांडण मध्ये आणणाऱ्याला म्हातारी माणसेच गप्प करतात.

बदली झाल्यावर

गाव सोडताना घरात राहिलेली विहाराची भांडी परत करून वहीतील नोंद खोडून घ्यावी, राहिलेली वर्गणी द्यावी आणि सचिवांना नवा पत्ता कळवावा, म्हणजे ज्यांच्या पंगतीत वाढले त्यांच्या मुलांच्या लग्नाच्या पत्रिका येत राहतात. शेवटच्या वंदनेला नव्या गावाचे नाव सर्वांसमोर सांगावे. त्या तालुक्यात वस्तीतील कोणाची तरी लेक दिलेली असतेच. तिच्या सासऱ्यांचा नंबर घेऊनच निघावे.